चांगुनारायणला आईला न्यावं का? (नेपाळ, भक्तपूरजवळ)

रश्मी_प्रतापनगर

नमस्कार. मी, माझी आई (वय ६७) आणि मुलगा (सातवीत) असे तिघं दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला निघालो आहोत. लक्ष्मीपूजन घरच्या देवासमोरच झालं पाहिजे हा आईचा आग्रह, म्हणून पाडव्याच्या पहाटे नागपूरहून दिल्ली आणि तिथून काठमांडू. हातात साडेचार दिवस आहेत.

पशुपतिनाथ ठरलेलंच आहे. बाकी ज्याला विचारावं तो पोखरा सांगतो. माझ्या मनात मात्र चांगुनारायण, विष्णूचं जुनं देऊळ, आहे. आई रोज सकाळी विष्णुसहस्रनाम म्हणते. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून ती घराबाहेर फारशी पडलेलीच नाही. कुठं जायचं विचारलं तर म्हणाली, "विष्णूचं एखादं जुनं ठाणं असेल तर तिथं ने, बाकी तुम्हाला पाहायचं ते पाहा."

मी स्वतः एकदा तिथं जाऊन आले आहे, पण ते जाणं खरं नाही. एका यात्रा कंपनीबरोबर गेलो होतो. कार्यक्रमपत्रिकेत चांगुनारायण छापलेलं होतं, प्रत्यक्षात वेळ दिला वीस मिनिटं. चढून आवारात पोचते न पोचते तोच खालून परत बोलावणं आलं. इतकी माणसं दीड हजार वर्षं जिथं हात जोडत आली तिथं मला धड उभंही राहता आलं नाही, याची रुखरुख अजून आहे. आईच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही.

तर विचारायचं ते असं. आईचे गुडघे दुखतात, चढ किती आहे? मूर्तीचं दर्शन जवळून मिळतं का? मुक्काम काठमांडूला करावा की भक्तपूरला? आणि भक्तपूरच्या नेवार लोकांबद्दल खूप ऐकलं आहे, मुलाला त्यातलं काय दाखवावं? नुसत्या इमारती दाखवल्या तर तो दहा मिनिटांत कंटाळेल.

वाटसरू_बजाजनगर

ताई, आधी कागदपत्रांचं पाहून घ्या. तुमच्यासाठी पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र, आणि तेही मूळ, झेरॉक्स नाही. तुमच्या वयाच्या माणसाचं आधार तिथं चालत नाही. आईचं वय ६५ च्या वर आणि पोराचं १५ च्या आत, त्यामुळं त्या दोघांचं आधार चालून जाते, पण घरात पासपोर्ट असतील तर तेच ठेवा सोबत. आमच्या ओळखीतला एक जण विमानतळावरूनच माघारी गेला होता बाप्पा, त्याचा चेहरा अजून डोळ्यासमोर येते.

आम्ही आगगाडीनं गेलो होतो. नागपूरहून राप्तीसागर पकडून गोरखपूर, मग सोनौलीची सीमा पार करून भैरहवा, तिथून बस. आईला घेऊन हा रस्ता धरू नका, हाडं खिळखिळी होतात. विमानाचं काढलं ते बरं केलं.

१०० रुपयांचे १६० नेपाळी होतात, हा भाव बांधलेला आहे, त्यामुळं हिशेब सोपा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा. भक्तपूरच्या जुन्या गावात शिरताना तिकीट लागते, भारतीय ओळखपत्र दाखवलं की ते स्वस्त पडते.

मंदिराचं म्हणाल तर मी काही जाणकार नाही. इथं सुलभाताई आहेत, त्यांची वाट पाहा.

सुलभाताई_महाल

रश्मी, आईला ने. आणि चांगुनारायणला अर्धा दिवस दे, कुणी काही म्हणो.

आधी गुडघे. माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मी धाकट्या बहिणीबरोबर गेले होते, म्हणून अनुभवानं सांगते. देऊळ भक्तपूरच्या उत्तरेला सहाएक किलोमीटरवर एका टेकडीच्या माथ्यावर आहे. गाडी चांगू गावाच्या तोंडाशी थांबते. पुढे दगडी फरशीची गल्ली आणि मधूनमधून पायऱ्या. चढ आहे, पण अंगावर येणारा नाही. वाटेत छप्पर असलेले ओटे लागतात, त्यांना नेवार लोक फल्चा म्हणतात. ते येणाऱ्याजाणाऱ्यानं टेकावं म्हणूनच बांधलेले. आम्ही दोघी प्रत्येक ओट्यावर बसत गेलो आणि अर्ध्या तासात वर पोचलो. आईच्या हातात काठी दे आणि सकाळी लवकर नीघ. कार्तिकात तिथं पहाटे चांगलीच थंडी असते, तिला शाल लागेल.

दर्शनाचं आईला इथूनच सांगून ठेव. गाभाऱ्यात फक्त पुजारी जातात. आपण दारातून हात जोडायचे. ऐनवेळी कळलं तर म्हाताऱ्या माणसाचा जीव हिरमुसतो. पण मी तुला मनापासून सांगते, चांगूचा विष्णू गाभाऱ्यात जितका आहे त्याहून जास्त बाहेर आवारात आहे. तो उघड्यावर, हाताच्या अंतरावर उभा आहे.

देवळाचं तोंड पश्चिमेला. म्हणून आवारात शिरल्यावर थेट वळसा घालून पश्चिमेच्या दारासमोर जा. तिथं दगडाचा गरुड आहे, माणसाएवढा, एक गुडघा टेकून हात जोडून बसलेला. चोचीचा पक्षी नाही हं, चेहरा माणसाचा, केसांच्या बटा खांद्यावर, गळ्यात नाग. तो मानदेव राजाच्या चेहऱ्यावरून घडवला असं तिथले लोक सांगतात. नागपंचमीला या गरुडाच्या अंगावर घाम येतो, तक्षक नागाशी झालेल्या झुंजीची आठवण म्हणून, असंही सांगतात. आपण नाग नदीच्या काठची माणसं, नागपंचमीला पाटावर नाग काढून पूजणारी. त्या गरुडासमोर मला फार वेळ उभं राहावंसं वाटलं होतं.

आता जे सांगायला मी खरं तर लिहायला बसले ते. गरुडाजवळ दोन दगडी खांब दिसतील, एकावर चक्र आणि एकावर शंख. मानदेव हा नेपाळवर राज्य करणाऱ्या लिच्छवी घराण्यातला राजा. त्यानं इथल्या स्तंभावर तीन बाजूंनी संस्कृत लेख कोरवला. शक ३८६, ज्येष्ठ महिना, म्हणजे इसवी सन ४६४. तारीख असलेल्या नेपाळच्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक. लिपी गुप्तकाळातली ब्राह्मी, आपल्याला वाचता येणार नाही. पण वृत्त? शार्दूलविक्रीडित! आपल्या मंगलाष्टकांचं. "श्रीवत्साङ्कितदीप्तचारुविपुल..." अशी सुरुवात आहे. मी ३१ वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, पण ती ओळ त्या दगडासमोर उभं राहून मंगलाष्टकाच्या चालीत गुणगुणले तेव्हा माझ्या बहिणीनं माझा हात घट्ट धरला होता.

आणि लेखात काय आहे? लढाया आहेत, पूर्वेकडच्या सामंतांना नमवलं, गंडकी ओलांडून पश्चिमेला मल्लपुरीवर गेलो, हे सगळं आहे. पण त्याच्या आधी आई आहे. वडील धर्मदेव वारले. आई राज्यवती मुलाला जवळ बोलावून म्हणते, आता राज्य तू सांभाळ, मी तुझ्या वडिलांच्या मागे जाते. म्हणजे सती. मुलगा तिच्या पायावर डोकं ठेवतो आणि म्हणतो, तुझ्याशिवाय मला या भोगांचं, या जगण्याचं काय करायचं, आधी मीच प्राण सोडतो. ती थांबते. मग मायलेक मिळून त्या राजाचे उत्तरविधी करतात. पंधराशे वर्षांहून जुना, राजाच्या पराक्रमाचा म्हणून कोरलेला दगड, आणि त्यावर एक आई जगायचं ठरवते ती हकीकत. तुझ्या आईला ही हकीकत तिथं बसवून सांग, घरी नको.

यात आपलाही एक धागा आहे, म्हणून मला या जागेची इतकी माया. मानदेवाच्या काही दशकं आधी आपल्या रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून म्हणजे आजच्या नगरधनहून प्रभावतीगुप्ता राज्य चालवत होती. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक रुद्रसेनाची राणी. नवरा गेला, मुलं लहान, तर ती सती गेली नाही, मुलाच्या वतीनं कारभार हाती घेतला. तिच्या ताम्रपटात ती स्वतःला 'अत्यन्तभगवद्भक्ता' म्हणवते. हे भगवंत म्हणजे विष्णूच. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामींच्या पायापाशी दिलेला आहे. रामगिरी म्हणजे आपली रामटेकची टेकडी. एक विधवा इथं, एक विधवा हिमालयाच्या पायथ्याशी, दोघी वैष्णव घरातल्या, दोघी जगल्या. मी शाळेत असताना हे मला कुणी असं जोडून सांगितलं नव्हतं.

म्हणून शक्य झालं तर निघण्याआधी एका रविवारी रामटेक करून घे. गडमंदिर सगळे करतात, तसं नको. टेकडीवर वाकाटक काळातले दोन नरसिंह आहेत, रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह. लाल दगडाचे, भव्य, ऐसपैस बसलेले. केवल नरसिंहाच्या देवळात त्या काळचा शिलालेखही आहे. आणि भंगलेला त्रिविक्रम आहे. तो मुलाला दाखवून ठेव, कारण चांगूला त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

चांगूच्या आवारात लहान लहान देवळांच्या ओट्यांवर लिच्छवी काळातले आणि त्यानंतरचे विष्णुपट ठेवलेत. काळसर दगड, हात लावता येईल इतके जवळ (लावू नये). त्यातला त्रिविक्रम असा की एक पाय जमिनीवर, दुसरा पार आडवा वर झेपावलेला, खाली वामनाला दान देणारा बळी. तुम्ही पाडव्याला निघताय, म्हणजे बलिप्रतिपदेलाच. आपल्या घरी त्या दिवशी 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात, तो बळी कोण हे मुलाला या दगडात बोट दाखवून सांगता येईल. शेजारी विश्वरूप आहे. दहा मस्तकं, दहा हात, पायाशी शेषनाग, आणि हात जोडलेला अर्जुन. गीतेचा अकरावा अध्याय आईला पाठ असेल तर तिला फक्त तिथं उभी कर, समजावत बसू नकोस. पटाचा वरचा एक कोपरा तुटलेला आहे. नरसिंहही आहे. आणि गरुडावर बसलेला विष्णू आहे, तो नेपाळच्या दहा रुपयांच्या नोटेवर छापलाय. नोट आधीच खिशात ठेव आणि मुलाला म्हण, आता हा कुठं आहे शोध.

देऊळ स्वतः दोन छपरांचं. आग लागल्यानंतर १७०२ च्या सुमारास पुन्हा उभारलेलं, म्हणजे आज दिसतं ते काम मल्ल राजांच्या काळातलं. चारही दारांना प्राण्यांच्या जोड्या राखण करतात. छपराला तोलणारे तिरपे लाकडी टेकू असतात, त्यांना तिथं टुंडाल म्हणतात, त्यांवर विष्णूची रूपं कोरून रंगवली आहेत. मान दुखेपर्यंत पाहण्यासारखी. हेच नारायण नेवार बौद्धांनाही आपले वाटतात. लोकेश्वर, म्हणजे त्यांचा करुणेचा बोधिसत्त्व, विष्णूच्या खांद्यावर बसलेला अशी एक मूर्ती त्यांच्यात असते आणि तिची कथा याच टेकडीशी जोडतात. एकाच आवारात छिन्नमस्ता देवीचं ठाणं, महादेव, नारायण, आणि कुणाचं कुणाशी वैर नाही.

२०१५ च्या २५ एप्रिलच्या भूकंपात या आवाराला मार बसला होता. देऊळ टिकलं, भोवतालची काही बांधकामं पडली. दगड, विटा, लाकूड जमवून ते पुन्हा उभं करणारे हात नेवार कारागिरांचेच. ही जात नाही, हा काठमांडूच्या दरीतला मूळ समाज आहे. त्यात शेतकरी आले, कुंभार आले, सुतार, तांबट, पुजारी सगळे आले, हिंदूही आणि बौद्धही. भाषा नेपाळभाषा, नेपाळीपेक्षा अगदी वेगळी. देवळांची, जत्रांची, पाण्याच्या दगडी धारांची व्यवस्था ते गुठी नावाच्या मंडळांतून पिढ्यान् पिढ्या करत आले. जमीन देवाच्या नावे, उत्पन्नातून दिवाबत्ती आणि डागडुजी. आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखं समज.

मुक्काम भक्तपूरलाच कर. काठमांडूला राहून रोज गाडीत बसण्यात आईचा जीव जाईल. आणि पाडव्याच्या संध्याकाळी भक्तपूरला पोचता आलं तर फारच उत्तम. नेवार लोकांचं नवं वर्ष, नेपाळ संवत, त्याच दिवशी सुरू होतं, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला. हा संवत इसवी सन ८७९ मध्ये सुरू झाला. शंखधर साख्वा नावाच्या एका माणसानं साऱ्या लोकांचं कर्ज फेडून टाकलं आणि त्या आनंदात नवा संवत धरला अशी त्याची कथा आहे. विदर्भातल्या माणसाला ती कथा सांगताना माझा आवाज बदलतो. त्या रात्री घरोघरी म्ह पूजा असते, म्हणजे स्वतःच्या देहाची पूजा. पण ती घरातल्या घरात होते, कुणी बोलावलं तरच बघायची.

खवय्या_सीताबर्डी

सुलभाताईंच्या लिहिण्यानंतर मी काय लिहिणार. पण खाण्याचं राहिलं.

भक्तपूरला गेलात आणि जुजु धौ खाल्लं नाही असं करू नका. जुजु म्हणजे राजा, धौ म्हणजे दही. म्हशीचं दूध आटवून मातीच्या पसरट भांड्यात लावतात. माती पाणी पिऊन घेते, दही खरवसासारखं घट्ट होतं. चमचा उभा राहतो. वरची साय किंचित पिवळसर, चव गोडसर. मी एका बैठकीत तीन संपवली.

आई शाकाहारी असतील तर 'बारा' घ्या, उडदाच्या डाळीचा तव्यावरचा जाडसर वडा. सांगताना साधा म्हणून सांगा, नाहीतर वर अंडं किंवा खिमा घालून देतात. चतांमरी तांदळाच्या पिठाची असते, तिच्यावरही तसंच. समय बजी हे नेवार ताट, त्यात चिवड्यासारखे पोहे, भाजलेलं सोयाबीन, आलं आणि बहुधा मांस, ते आधी विचारून घ्या.

आणि मुलासाठी न्यातपोल. पाच छपरांचं देऊळ, १७०२ साली भूपतींद्र मल्लानं बांधलं. पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना राखणदारांच्या जोड्या आहेत. सगळ्यांत खाली दोन पैलवान, मग हत्ती, मग सिंह, मग शार्दूल, मग देवी. प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट बलवान. आमची पोरगी प्रत्येक पायरीवर हिशेब करत चढली.

प्रवासी_मनीषनगर

मी वेगळं मत देतो. साडेचार दिवसांत पोखरा होत नाही हे खरं, पण एक रात्र नगरकोटला काढा. पहाटे आभाळ मोकळं असेल तर हिमालयाची रांग दिसते. नगरकोटहून चांगुनारायणपर्यंत पायवाट आहे, आम्ही तशीच उतरून आलो. तुमच्या आईंना ती वाट जमणार नाही, पण गाडीनं दोन्ही जोडता येईल.

रश्मी_प्रतापनगर

सगळ्यांचे आभार. भक्तपूरला राहायचं ठरलं. नगरकोट या वेळी नको, दोन जागा बदलणं आईला झेपणार नाही. रामटेकचा रविवार मात्र हुकला, दिवाळीच्या फराळात अडकले. सुलभाताई, तुमचं उत्तर छापून घेतलंय.

रश्मी_प्रतापनगर (तीन आठवड्यांनी)

परत आलो. लिहायला उशीर झाला, आईला खोकला होता, आता बरी आहे.

पाडव्याच्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला भक्तपूरला पोचलो. गल्लीत दिवे लागले होते, दारांवर जांभळ्या मखमली फुलांच्या माळा. आमचं उतरण्याचं घर एका नेवार कुटुंबाचं. घरची आजी उंबऱ्याबाहेर बसून दारासमोरच्या दगडाला कुंकू लावत होती. तिनं काळं लुगडं नेसलं होतं, काठ लाल. आई माझ्या कानात म्हणाली, "अगं, चंद्रकळा." मग दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. एकीला मराठी येत होतं, एकीला नेपाळभाषा, आणि पुढचे तीन दिवस त्या बोलत होत्या.

त्याच रात्री त्यांच्या सुनेनं आम्हाला वर बोलावलं. आम्ही दारापाशी चटईवर बसलो. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ती एका ओळीत मंडलं काढत होती. आधी तेलाचा गोल, वर तांदळाचं पीठ, मग धान्य, फुलं, अक्रोड. बोटाच्या टोकावरून पीठ असं सोडायची की रेघ कुठं तुटत नव्हती, आपल्याकडे रांगोळी काढतात तशीच. मुलगा मोजत होता. माणसांपेक्षा मंडलं जास्त निघाली. त्यानं मला ढोसलं, मी सुनेला हिंदीत विचारलं. ती म्हणाली, टोकाचं यमराजाचं, त्यालाही आजच्या दिवशी मान द्यायचा. मग प्रत्येकासमोर हातभर लांब वाती लावल्या. घरातला सगळ्यात धाकटा, चार वर्षांचा, स्वतःच्या मंडलासमोर मांडी घालून इतका गंभीर बसला होता! आई शेवटपर्यंत बसून राहिली. पायाला मुंग्या आल्या तरी उठली नाही.

तिसऱ्या दिवशी चांगूला गेलो. सकाळी सातला गाडी गावाशी. प्रत्येक फल्चावर बसलो, ताई, एकही सोडला नाही. वर पोचलो तेव्हा आवारात पाच-सहाच माणसं होती, एक बाई ओट्याच्या कडेला सुपात तांदूळ निवडत होती.

मुलानं दहाची नोट हातात धरून शोध सुरू केला आणि गरुडावरचा विष्णू त्यालाच आधी सापडला. तो नोट आणि दगड शेजारी धरून दोन्ही तपासत होता. नोटेवर न दिसणारी गोष्ट त्याला दगडात दिसली, गरुडाच्या पंखांची एकेक पीसं. मग त्रिविक्रमासमोर त्यानं विचारलं, "आजी, हा पाय इतका वर गेला तर तो पडत कसा नाही?" आई म्हणाली, "तो पडत नाही म्हणून तर जग आहे." आणि लगेच पुढे गेली, विश्वरूपाकडे. तिथं ती डोळे मिटून अकरावा अध्याय म्हणायला लागली. पूर्ण म्हणाली. मी घड्याळ पाहिलं नाही.

खांबाजवळची गोष्ट मी सांगणार होते, कागद पर्समध्ये होता. गरुडाच्या बाजूच्या पायरीवर बसलो आणि मी वाचून दाखवली, राज्यवतीची, मानदेवाची, मग नगरधनच्या प्रभावतीची. आई काही बोलली नाही. कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवला. दारातून दर्शन झालं तेव्हाही तिनं कुरकूर केली नाही. पुजाऱ्यानं कपाळाला टिळा लावला, फूल दिलं, ते तिनं अंबाड्यात खोवलं. बाबा गेल्यापासून तिनं फूल माळलं नव्हतं.

उतरताना मी हात धरायला गेले तर म्हणाली, "सोड, काठी आहे."

आता ती रोज सकाळी सहस्रनामानंतर विचारते, रामटेकला कधी जायचं. येत्या रविवारी ठरवलंय. सुलभाताई, गाडीत एक जागा आहे. याल का? आईच म्हणाली विचार म्हणून.

सुलभाताई_महाल

येते. पण सकाळी सहाला नीघ, उशीर नको. केवल नरसिंहाच्या देवळातला लेख मला आईंना दाखवायचा आहे, उजेड लवकरचा बरा. महालात गांधी गेटाशी उभी राहीन. डब्यात पोळीभाजी मी आणते, आईंना सांग काही करू नका.